साक्षरतेचा वर्ग कागदांच्या पिशवीपासून सुरू करा

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
आणि
मा. शिक्षणाधिकारी (योजना), जिल्हा परिषद, सोलापूर

स. न. वि. वि.

मी तेलुगू माध्यमाच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्त झाल्यापासून पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग घेते. उल्लास नव भारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून माझी नोंद आहे. तुम्हा दोघांना एकत्र लिहिते आहे, कारण माझ्या वर्गातल्या काही जणी शहराच्या हद्दीत राहतात आणि काही कुंभारीच्या घरकुलात, म्हणजे ग्रामपंचायतीच्या हद्दीत. काम तेच, अडचणी त्याच, पण त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी दोन कचेऱ्यांत वाटली गेली आहे.

माझं मागणं थोडक्यात असं आहे. हे वर्ग मार्चमधल्या परीक्षेसाठी चालवू नका. या बायकांच्या हातात दर आठवड्याला जे कागद पडतात त्यांच्यासाठी चालवा, आणि त्या कागदांचे निर्णय जिथे होतात तिथपर्यंत त्यांना घेऊन जा.

कार्यक्रम मुळात चांगला आहे, हे आधी सांगते. २०२२ ते २०२७ अशा पाच वर्षांसाठी १०३७.९० कोटी रुपयांची तरतूद आहे, १५ वर्षांवरच्या कुणालाही शिकता येतं, आणि त्याची पाच अंगं सांगितली आहेत: पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान, महत्त्वाची जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण, आणि निरंतर शिक्षण. जीवनकौशल्यांत पैशाचे व्यवहार, मोबाईल, कायदा, आरोग्य, मुलांचं संगोपन हे सगळं येतं. पण १७ मार्च २०२४ ला आपल्या राज्यात पहिली परीक्षा झाली, त्यात वाचन, लेखन आणि संख्याज्ञान असे प्रत्येकी ५० गुणांचे तीन भाग होते. जीवनकौशल्यांची परीक्षा नाही. शाळेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक असतं की ज्याची परीक्षा नाही ते शेवटच्या तासाला ढकललं जातं आणि शेवटचा तास भरत नाही. तेच इथे होतं आहे. फेब्रुवारी उजाडला की सराव प्रश्नपत्रिका येतात, फोटो मागवले जातात, नोंदी किती आणि उत्तीर्ण किती याचे तक्ते येतात.

परीक्षेला माझा विरोध नाही. साठी उलटलेली बाई पेन घट्ट धरून स्वतःचं नाव लिहिते आणि मान वर करून बघते, ते बघितलेला कुणीही विरोध करणार नाही. पण तीच बाई दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्यावर पैसे काढायची चिठ्ठी पुन्हा शेजारच्या पोराकडून भरून घेते.

आता कागदांबद्दल. आमच्याकडे प्रत्येक घरात पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटाच्या खणात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात आधार, रेशनकार्ड, विडी कामगाराचं ओळखपत्र, फंडाच्या चिठ्ठ्या, लाईट बिलं, पाणीपट्टी, बचत गटाचं पासबुक, कर्जाच्या हप्त्यांचं कार्ड, मुलांचे दाखले, नवऱ्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या असतात. ती बाई प्रत्येक कागद रंगावरून, घडीवरून ओळखते. कुणी "फंडाचं दाखवा" म्हटलं की बरोबर तोच काढते. त्यावर काय लिहिलंय ते मात्र तिला दुसऱ्यानं सांगावं लागतं, आणि दुसरा जे सांगेल तेच खरं धरावं लागतं. प्रौढ शिक्षणाचं पाठ्यपुस्तक शोधायला कुठे जायची गरज नाही. ते प्रत्येकीच्या घरात आहे.

फंडाचंच घ्या. विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधी १९७७ पासून लागू झाला. आमच्या बायका लहानपणी आईच्या शेजारी बसून वळायला शिकतात आणि बऱ्याच जणींचं नाव कारखान्याच्या वहीत लग्नाआधीच लागतं. तिथे माहेरचं नाव, बापाचं नाव, कधी घराण्याचं नाव आधी, तेलुगू पद्धतीनं. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव आलं. कारखान्याच्या वहीत यल्लव्वा, आधारवर यल्लम्मा, बँकेत यल्लुबाई. जन्मतारीख तर अंदाजानं सांगितलेली, जिथे जी सुचली ती. वय ५८ झालं, फंड काढायची वेळ आली, की संगणक म्हणतो ही तीन वेगळी माणसं आहेत. मग संयुक्त घोषणापत्र भरा, मालकाची सही आणा, आधार दुरुस्त करा, पुन्हा या. ज्या बाईनं आयुष्यभर घाम गाळून हजार-हजार विड्या मोजून दिल्या, तिला स्वतःच्याच पैशासाठी एजंटाला पैसे द्यावे लागतात. दहा वर्षांची नोंद असेल तर १९९५ च्या योजनेतलं पेन्शन मिळतं; सप्टेंबर २०१४ पासून ते महिना किमान १००० रुपये आहे. पण ते चालू ठेवायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, हे कित्येकींना पेन्शन थांबल्यावरच कळतं.

ही अडचण पंचेचाळिसाव्या वर्षी वर्गात सुटू शकते. तिन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि प्रत्येकीनं आपलं नाव तीन ठिकाणी शोधायचं. अक्षर अक्षर ताडून बघायचं. कुठे काय वेगळं आहे त्याखाली रेघ मारायची. यात वाचन झालं, लेखन झालं, तारखांचं गणित झालं. फंडाची नोंद इंग्रजीत असते, म्हणून स्वतःच्या नावाची इंग्रजी अक्षरंही ओळखावी लागतात. प्रत्येकीला आपली आठ-दहा पुरतात. मग दुरुस्तीचा अर्ज तिथेच लिहायचा. नाव दुरुस्त होऊन आलं की तो धडा संपला. हा धडा प्रश्नपत्रिकेत कधी येणार नाही, पण बायका एकही दिवस न चुकवता त्याला येतात, हे मी स्वतः बघते आहे.

अंगठ्याचं दुखणं आणखी वेगळं आहे. विडी वळून वळून बोटांच्या रेषा झिजतात. साक्षरता मोहिमांनी "अंगठा सोडा, सही करा" असं पन्नास वर्षं सांगितलं आणि आज रेशन दुकानातलं यंत्र पुन्हा अंगठाच मागतं, तोही झिजलेला. यंत्रावर ठसा उमटत नाही म्हणून हात हलवत परत आलेल्या बायका माझ्या वर्गात आहेत. ठसा लागला नाही तर डोळ्यांच्या बुबुळाची किंवा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीची सोय असते, हे सांगणं आणि "ती सोय द्या" असं दुकानात ठामपणे म्हणायला शिकवणं, हे प्रौढ शिक्षणच आहे. तसं म्हणण्याचा सराव आम्ही वर्गात करतो. एक जण दुकानदार होते, दुसरी गिऱ्हाईक.

कर्जाचा हिशेब तर तातडीचा आहे. गल्लीगल्लीत गटाची कर्जं आहेत. समजा ३०,००० रुपये दोन वर्षांसाठी, "फक्त बारा टक्के". बारा टक्के पूर्ण रकमेवर धरले तर व्याज ७२०० होतं आणि २४ हप्ते १५५० रुपयांचे बसतात. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवरच मोजलं जातं. घटत्या शिलकीवर बघितलं तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. हे गणित बायकांना जमणार नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा त्यांच्याबरोबर बसावं. पंचवीस विड्यांचं एक बंडल, चाळीस बंडलांचे हजार, त्यातून छाट (नापसंत म्हणून काढलेल्या विड्या) गेला किती आणि मजुरी किती, हे त्या बोलता बोलता तोंडी मोजतात. त्यांना आकडा येतो. आकड्याचं कागदावरचं रूप तेवढं दाखवायचं आहे. भागाकार मी छाटापासून शिकवते. हजारातल्या पन्नास विड्या नापसंत म्हणून काढल्या तर शेकडा किती, आणि महिन्याची मजुरी किती बुडाली? हा प्रश्न फळ्यावर लिहिला की वर्ग शांत होतो आणि मग एकदम सगळ्या बोलायला लागतात.

मोबाईलचा धडाही याच रीतीनं घ्यावा लागतो. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे जाण्यासाठी असतो, हे एक वाक्य प्रत्येकीला झोपेतसुद्धा आठवलं पाहिजे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा. सोलापूरच्या माणसाला हा आकडा पाठ करावा लागत नाही, इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला ते हे साल आहे. वर्गात पहिल्यांदा हा नंबर सांगितला तेव्हा एका आजींनी त्या लढ्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं न थांबता म्हटली. त्यांना तेव्हा वाचता येत नव्हतं. या गावाचं नागरिकत्व त्यांच्याकडे पुस्तकाच्या आधीपासून आहे, आणि आपण त्यांची नोंद "निरक्षर" म्हणून करतो.

इथे भाषेबद्दल बोलायला हवं. जनगणनेच्या व्याख्येत कुठल्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणारा सात वर्षांवरचा माणूस साक्षर असतो. त्या मोजणीनं २०११ मध्ये आपला जिल्हा ७७ टक्के साक्षर होता. पण तेलुगू वाचणारी बाई लाईट बिलापुढे निरक्षरच असते, कारण बिल मराठीत येतं. आणि मराठी बोलणारी बाई फंडाच्या संदेशापुढे, कारण तो इंग्रजीत येतो. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषांत घरं चालतात, शाळाही आहेत. मग प्रौढांच्या वर्गात पहिल्या दिवसापासून फक्त मराठी का? चर्चा घरच्या भाषेत व्हावी, कागद आहे त्या भाषेत वाचावा. तुमच्याकडे चारही माध्यमांचे शिक्षक आहेत, निवृत्त झालेले आमच्यासारखेही आहेत.

एवढं सगळं केलं तरी अर्धंच काम होतं, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक कागदामागे एक सार्वजनिक प्रश्न असतो. एकीचं नाव चुकलं तर अर्ज लिहून सुटतं; साठ जणींची नावं एकाच पद्धतीनं चुकली असतील तर ती कचेरीची कार्यपद्धती आहे, आणि ती बदलायला साठ जणींनी एकत्र जाऊन विचारावं लागतं. काही दिवसांआड येणारं पाणी साठवून ठेवावं लागतं. उघड्या साठ्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पंखापर्यंत वाढतो. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा, झाकण ठेवा, हे आम्ही शिकवतो आणि शिकवत राहू. पण पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता सुटणार याचं वेळापत्रक कोण ठरवतं, ते गल्लीत का लागत नाही, हे विचारायलाही त्याच तासाला शिकवलं पाहिजे. नाहीतर आरोग्य शिक्षण म्हणजे सगळा दोष बाईच्या रांजणावर टाकणं होतं.

युनेस्कोनं २०१५ मध्ये प्रौढ शिक्षणाबद्दल केलेल्या शिफारशीत तीन क्षेत्रं सांगितली आहेत: साक्षरता आणि मूलभूत कौशल्यं, व्यवसायाचं शिक्षण, आणि नागरिकत्वाची कौशल्यं. आपल्या कार्यक्रमाच्या पाच अंगांत पहिली दोन स्पष्ट आहेत. तिसऱ्याला स्वतंत्र घर नाही. ते घर सोलापुरानं द्यावं.

हे नवं नाही. १९९० च्या सुमारास आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता मोहीम चालू होती. नवसाक्षरांच्या वाचनात सीताम्मा नावाच्या बाईची गोष्ट होती, दारूनं मोडलेल्या संसाराची. दुबगुंटा गावातल्या बायकांनी ती वर्गात वाचली, आपल्या घराशी ताडून पाहिली आणि १९९२ मध्ये गावातलं अरकाचं, म्हणजे देशी दारूचं, दुकान बंद पाडलं. गावामागून गाव उठलं. अरकविक्रीचे लिलाव रोखले गेले, १९९३ मध्ये राज्यभर अरकावर बंदी आली आणि १९९५ मध्ये पूर्ण दारूबंदी. ती दारूबंदी दोन वर्षांत सैल झाली, हेही खरं. पण कालपर्यंत सही न येणाऱ्या बायकांनी राज्याच्या महसुलाचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, आणि त्याची सुरुवात वाचनाच्या पुस्तिकेतल्या एका धड्यानं झाली. मी ही हकिगत वर्गात तेलुगूत सांगते. नेल्लोर आमच्या बायकांच्या मूळ गावांपासून दूर आहे, भाषा मात्र घरची आहे. सांगून झालं की पहिला प्रश्न नेहमी असाच येतो: मग आपण काय करायचं?

त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, ब्राझीलच्या आंजिकोस गावात शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी सुमारे ३०० मजुरांना ४० तासांच्या वर्गात वाचायला शिकवलं. मजुरांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आधी गोळा केले, त्या शब्दांवर चर्चा केली आणि मग ते फोडून अक्षरं शिकवली. त्या काळी तिथे निरक्षरांना मताचा हक्क नव्हता, त्यामुळे वाचायला शिकलेला माणूस त्याच दमात मतदार होत होता. पुढच्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली, फ्रेरे तुरुंगात गेले आणि नंतर देशाबाहेर. त्यांची पद्धत आपल्याला सहज घेता येते. आमचे पहिले शब्द पान, दोरा, सूप, छाट, फंड हे आहेत. "कमळ" आणि "बदक" नंतर येतील.

इथे एक शंका तुमच्या मनात येणार, ती मला बैठकांत ऐकू येते: वर्गात राजकारण शिरेल. कुणाला मत द्या हे वर्गात सांगितलं जाऊ नये, याबाबत मी तुमच्याइतकीच कडक आहे. पण महापालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागात तीन-चार जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबावं लागतं, हे न सांगता तिला मतदान केंद्रावर पाठवणं म्हणजे तिची मतं वाया घालवणं आहे. नगरसेवकाचं काम काय आणि आमदाराचं काय, गटाराचा अर्ज कुणाकडे आणि रेशनचा कुणाकडे, हे माहीत नसल्यानं बाई पाच जणांचे पाय धरते. हे शिकवलं तर कुणाचे पाय धरावे लागणार नाहीत. यात कुणाची अडचण होत असेल, तर ती वर्गाची अडचण नाही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज हा लेखनाचा सर्वांत चांगला धडा आहे, असं मला वाटतं. आपल्या राज्याच्या नियमांत तो एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. दीडशे शब्दांत नेमकं काय हवं ते लिहायचं, ही शिस्त कॉलेजच्या मुलांनाही अवघड जाते. नवसाक्षर बाई चार ओळींत लिहिते: आमच्या गल्लीतल्या दिव्यांसाठी गेल्या वर्षी किती खर्च झाला, कोणत्या खांबांवर? तिनं लिहिलेल्या अर्जाला कचेरीकडून तिच्या नावानं पाकीट येतं. टपालानं स्वतःच्या नावाचं पत्र येणं ही तिच्यासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यांच्याकडे रोज टपाल येतं त्यांना सांगून कळणार नाही.

यापुढची पायरी कायद्यात तयार आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. आपल्या राज्यानं २००९ मध्ये क्षेत्रसभांची, म्हणजे शहरातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद केली. खेड्यात ग्रामसभा असते, तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. राज्यभरात क्षेत्रसभा बहुतेक ठिकाणी कायद्याच्या पानांवरच आहेत. तुमच्यापैकी एकाच्या हातात शहर आहे, दुसऱ्याच्या हातात वर्ग. शहराच्या बाजूनं एवढंच करा: प्रत्येक झोनमध्ये वर्षातून दोनदा साक्षरता वर्गांच्या बायकांसमोर त्या प्रभागातल्या मंजूर कामांची यादी मोठ्यानं वाचली जावी, आणि तिथेच त्यांचे प्रश्न लिहून घेतले जावेत. जिल्हा परिषदेच्या बाजूनं कुंभारीत महिला सभेची सूचना वर्गात आधी वाचली जावी, विषयपत्रिकेसकट.

कुंभारीचं नाव निघालं म्हणून सांगते. २००६ मध्ये तिथे विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली आणि त्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं गेलं. आदिवासी चळवळीत जाण्याआधी, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, गोदूताईंनी प्रौढ साक्षरतेचं काम केलं होतं. त्या वसाहतीत राहणाऱ्या कित्येकींना हे माहीत नाही. ती हकिगत त्यांच्याच वर्गाचा धडा व्हायला हवी.

वेळ आणि जागा याबद्दल लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. विडीचं काम नगावर आहे. तास दोन तास वर्गात बसली तर तेवढी मजुरी गेली. सकाळी विड्या मोजून देणं आणि पानं-तंबाखू आणणं, दुपारी पानं कापणं, रात्रीपर्यंत वळणं. संध्याकाळी सहाला शाळेच्या खोलीत या, हे सांगणं सोपं आणि येणं अशक्य. माझा वर्ग एका मोठ्या ओसरीवर भरतो. मांडीवर सूप असतं, हात चालू असतात, कान मोकळे असतात. चर्चा, हिशेब, वाचून दाखवणं हे सगळं वळता वळता होतं. लिहायला शेवटची वीस मिनिटं सूप बाजूला ठेवतात. तपासणीला आलेल्या एका साहेबांना हे वर्गासारखं दिसलं नाही. त्यांनी फोटोसाठी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि त्या दिवशीचं शिकवणं तिथेच थांबलं.

यंत्रमाग कामगारांची गोष्ट वेगळी. ते बारा-बारा तास मागावर उभे असतात, त्यांच्यासाठी आठवड्याच्या सुट्टीचा दिवसच धरावा लागेल आणि शिकवायला कुणीतरी त्यांच्यातलाच, मागाच्या आवाजात काम केलेला हवा. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची होती. शिकणाऱ्याची वेळ बघून शाळा भरवायची असते, हे आपल्याकडे तेव्हापासून माहीत आहे.

आणि मानधन. २००९ ते २०१८ चाललेल्या साक्षर भारत योजनेत प्रेरकांना, म्हणजे साक्षरता केंद्र चालवणाऱ्यांना, महिना २००० रुपये होते; ती योजना ग्रामीण भागापुरती होती, शहरातल्या वस्त्यांपर्यंत आली नाही. आताची योजना शहरात आहे, पण ती पूर्णपणे स्वयंसेवेवर उभी आहे. माझ्यासारखीला पेन्शन आहे, मी येईन. पण दहावी-बारावी झालेल्या, स्वतः विडी वळणाऱ्या मुली सर्वांत चांगलं शिकवतात आणि त्यांना फुकट राबवणं अन्यायाचं आहे. महापालिकेनं आपल्या महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून, जिल्हा परिषदेनं स्वनिधीतून त्यांना मानधन द्यावं. मोठी रक्कम मी मागत नाही. त्या दिवशीची बुडालेली मजुरी भरून निघावी, एवढी हवी.

मोजमापही बदला. उत्तीर्णांचा तक्ता ठेवा, पण प्रत्येक वर्गात एक कामाची वही असू द्या. कुणाचं नाव दुरुस्त झालं, कुणी स्वतः बँकेची चिठ्ठी भरली, कुणाचा हयातीचा दाखला वेळेत गेला, कोणता अर्ज कुठे अडकला, सभेला किती जणी बोलल्या, हे तिच्यात त्या बायकांनीच लिहायचं. तीन महिन्यांनी ती वही तुमच्यासमोर यावी. अडकलेल्या अर्जांची पानं तुम्हाला स्वतःच्या कारभाराबद्दल जे सांगतील ते कुठल्याही अहवालात मिळणार नाही.

पुढच्या वर्षाचा आराखडा करायला बसाल तेव्हा शहरातल्या आणि कुंभारीतल्या वर्गांतून काही जणींना बोलवा, आणि बोलण्यासाठी बोलवा. बैठक दुपारी तीननंतर ठेवा, सकाळची वेळ विड्या मोजून देण्याची असते. तेलुगू आणि कन्नड जाणणारं कुणीतरी समोर असू द्या. बैठकीची सूचना आठ दिवस आधी, मोठ्या अक्षरांत छापून पाठवा. त्या आठवड्यात आम्ही तीच वाचायला घेऊ आणि प्रत्येक जण आपला एक प्रश्न लिहून आणेल.

आपली,
पूर्व भागातली एक निवृत्त शिक्षिका